ट्रेनिंगच्या हेलिकॉप्टरची पॉवर हवेत गेली, मग तपास कसा होतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा नाशिकचा. तिथल्याच गांधीनगरच्या लष्करी तळावरून उडणारी चीता आणि चेतक हेलिकॉप्टर बघत लहानाचा मोठा झालो, पुढे फ्लोरिडात जाऊन रॉबिन्सन आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरवर शिकलो आणि आता तिथेच शिकवतो. गावाकडून, मित्रांच्या मुलांकडून, त्यांच्या आईवडिलांकडून तेच तेच प्रश्न येत असतात, एखाद्या अपघाताची बातमी आली की जास्तच, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. बहुतेक बोलणं अमेरिकेतल्या पिस्टन इंजिनच्या ट्रेनिंग हेलिकॉप्टरबद्दल आहे कारण मला तेच हाताखालचं माहीत आहे.

पॉवर लॉस म्हणजे इंजिन बंदच पडतं ना?

नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. इंजिन एकदम गप्प होणं हा एक प्रकार, पण दुसरा प्रकार म्हणजे इंजिन चालू आहे, आवाज येतोय, फक्त मागितली तेवढी ताकद देत नाही. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण पायलट आधी स्वतःवरच शंका घेतो, मग गेजवर, मग वाऱ्यावर, आणि तोवर दोनतीन सेकंद गेलेले असतात.

म्हणून तपास करणारा माणूस पायलटला पहिल्यांदा विचारतो ते "इंजिन बंद पडलं का" असं नाही. तो विचारतो, नाक कुठे वळलं? आर-२२ चा मुख्य रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे पॉवर गेली की नाक झटकन डावीकडे जातं. (चीता-चेतकचा रोटर उलट दिशेने फिरतो, तिथे नाक उजवीकडे जाईल.) रोटर मंदावल्याचा इशारा देणारा हॉर्न कधी वाजला, नाक वळायच्या आधी की नंतर? कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम कमी-जास्त करणारा दांडा, वर ओढत होतात की खाली? या तीन गोष्टी नीट आठवल्या तर इंजिनाने दगा दिला की रोटरवर जास्त भार टाकला गेला याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

इंजिन गेलं की हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं का?

नाही पडत. हा प्रश्न प्रत्येक आईचा असतो आणि तो मी कधीच हसण्यावारी नेत नाही. जत्रेतलं कागदी भिरभिरं आठवा, हातात धरून पळालं की वाऱ्याने आपोआप फिरतं. तसंच इथे, इंजिन आणि रोटर यांच्यामध्ये एक फ्रीव्हील क्लच असतो, इंजिन मंदावलं की रोटर त्याच्यापासून मोकळा होतो, पायलटने कलेक्टिव्ह खाली टाकला की खालून वर येणारी हवा पात्यांना फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात, आणि जमिनीजवळ आल्यावर त्याच फिरत्या पात्यांत साठलेली ताकद वापरून हळू उतरता येतं.

पण अट वेळेची आहे. आर-२२ ची पाती हलकी, त्यांच्यात साठा कमी. नेहमीचा रोटर आरपीएम १०४ टक्के म्हणजे मिनिटाला ५३० फेरे, ९७ टक्क्यांना हॉर्न वाजतो, आणि साधारण ८० टक्के अधिक दर हजार फुटांना १ टक्का याच्या खाली गेलं तर पाती स्टॉल होतात म्हणजे त्यांची हवेवरची पकड सुटते, तिथून परत येता येत नाही. कलेक्टिव्ह खाली टाकायला हातात सेकंदभर असतो, फार तर थोडं जास्त. तेवढं जमलं तर हजार फुटांवरून साधारण चार हजार फूट पुढे जाऊन उतरायची जागा निवडता येते.

तपास करतं कोण?

अमेरिकेत एनटीएसबी, म्हणजे नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड. ही संस्था १९६७ पासून आहे आणि ती एफएएच्या म्हणजे नियम करणाऱ्या खात्याच्या हाताखाली नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण कधी कधी नियमच तोकडा होता असंही म्हणावं लागतं. एनटीएसबी तज्ज्ञ म्हणून इतरांना सोबत घेते, म्हणजे एफएए असतेच, पण हेलिकॉप्टर बनवणारी कंपनी आणि इंजिन बनवणारी कंपनीसुद्धा, आर-२२ असेल तर कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सची रॉबिन्सन आणि पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टची लायकमिंग. लोक विचारतात, कंपनीचाच माणूस तपासात कसा? तर त्याच्याइतकं ते मशीन कुणाला माहीत नसतं, पण कारण काय लिहायचं हे तो ठरवत नाही, ते बोर्ड ठरवतं.

आपल्याकडे नागरी विमानांसाठी २०१२ मध्ये एअरक्राफ्ट ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो स्थापन झाला. नाशिकच्या आर्मी एव्हिएशन स्कूलसारख्या लष्करी ट्रेनिंगचं वेगळं, तिथे सैन्याची स्वतःची कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. नागरी तपासाचा पाया मात्र जगभर एकच, आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संस्थेचं ॲनेक्स १३ हे परिशिष्ट, जे १९५१ मध्ये पहिल्यांदा मंजूर झालं.

घटनास्थळी आल्यावर आधी काय बघतात?

आधी हात लावत नाहीत, फोटो काढतात. कुठला नॉब किती ओढलेला आहे, फ्युएल व्हॉल्व्ह उघडा की बंद, मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) किल्ली कुठे, कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा नॉब) किती बाहेर, मिक्स्चर (पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) आत आहे का. बचाव करणाऱ्यांनी घाईत किल्ली फिरवलेली असू शकते, मग त्यांनाही विचारावं लागतं. (माणूस वाचवताना पुरावा हलला तर हलला, त्याबद्दल कुणीही वाईट वाटून घेऊ नये.)

मग इंधन. टाकीत किती उरलंय, टाकी फुटली असेल तर जमिनीवर वास येतोय का, आजूबाजूचं गवत करपलंय का. ॲव्हगॅस १०० एलएलला निळसर रंग असतो, काचेच्या बरणीत काढून पांढऱ्या कागदासमोर धरलं की कळतं. पाणी असेल तर ते जड म्हणून खाली थेंबाथेंबाने बसलेलं दिसतं, पावसाळ्यात रॉकेलच्या बाटलीत तळाशी दिसायचं ना अगदी तसं. कुणी चुकून जेट फ्युएल भरलं असेल तर रंग मरतो आणि बोटाला तेलकट लागतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं इंधनही वेगळं काढून बघतात, कारण टाकी स्वच्छ असून वाटीत पाणी सापडू शकतं.

आपटताना इंजिन चालू होतं की नाही हे मोडक्या सांगाड्यावरून कसं कळतं?

मला या विद्येबद्दल खरंच फार आदर आहे. आर-२२ मध्ये इंजिनाला थंड ठेवणारा एक मोठा पंखा असतो, त्याच्याभोवती फायबरचं आवरण. आपटताना पंखा फिरत असेल तर आवरणाच्या आतल्या बाजूला गोल गोल खरवडल्याच्या रेघा उमटतात, थांबलेला असेल तर नुसता एका जागी चेपल्याचा ठसा. स्टार्टरच्या दातेरी चक्राच्या खुणाही तसंच बोलतात.

मुख्य पाती बघतात. ताकदीने फिरत असलेली पाती जमिनीला लागली तर तुकडे लांबवर उडतात, मातीत खोल चिरे पडतात. मंद फिरत असतील तर पाती वाकतात पण जागेवरच राहतात, आणि आरपीएम फारच खाली गेला असेल तर वरच्या बाजूला छत्री उलटल्यासारखी वाकलेली दिसतात.

आणि एक अगदी बारीक गोष्ट, वॉर्निंग लाइटचे जुने बल्ब. बल्ब पेटलेला असताना आपटला तर आतली तापलेली तार ताणून लांब होते, विझलेला असेल तर तशीच राहते किंवा तुटते. भिंगाखाली ती तांदळाएवढी तार बघून सांगता येतं की शेवटच्या क्षणी लो आरपीएमचा दिवा लागला होता का.

इंजिन उघडून नेमकं काय तपासतात?

लगेच उघडत नाहीत. आधी वरचे स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवतात. प्रत्येक सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून कम्प्रेशन जाणवतं का बघतात, झडपा क्रमाने हलतात का, मागचे गिअर फिरतात का. दोन्ही मॅग्नेटो फिरवून ठिणगी पडते का बघतात. प्लगचा रंग बघतात, राखाडी करडा म्हणजे ठीक, काळी मऊ काजळी म्हणजे मिश्रण जास्त पेट्रोलचं होतं. सिलिंडरमध्ये बोरोस्कोप म्हणजे बारीक नळीची दुर्बीण घालून पिस्टनची डोकी बघतात. फ्युएलची जाळी, एअर फिल्टर, थ्रॉटलची आणि मिक्स्चरची केबल शेवटपर्यंत जोडलेली आहे का, हे सगळं.

इंजिन बऱ्या अवस्थेत असेल तर ते स्टँडवर बसवून किंवा त्याच सांगाड्यात बांधून चक्क सुरू करून बघतात.

मग एवढं करूनही रिपोर्टमध्ये "इंजिनात दोष आढळला नाही" असं का येतं? कंपनीला वाचवतात का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजू शकतो, घरातलं माणूस गेलेलं असतं. पण वाचवतात असं मला वाटत नाही. खरी अडचण अशी की पॉवर जाण्याचं सगळ्यात नेहमीचं एक कारण पुरावा ठेवतच नाही. ते म्हणजे कार्बोरेटरमध्ये जमणारा बर्फ. तपास करणारा येईपर्यंत तो वितळलेला असतो, वाहून गेलेला असतो, आणि इंजिन स्टँडवर ठेवलं की लाडक्या लेकरासारखं सुरू होतं.

फ्लोरिडात, मुंबईसारख्या हवेत, बर्फ?

हो. हॉटेलाच्या मागे ठेवलेला कमर्शियल गॅस सिलिंडर बघा, मोठी शेगडी जोरात चालू असेल तर भर उन्हाळ्यात सिलिंडर खालून पांढरा पडतो, हात लावला तर गारठतो. आत द्रवाचा वायू होताना उष्णता ओढून घेतली जाते. माठातलं पाणी गार होतं तेही बाष्पीभवनानेच. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते, शिवाय हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा दाब कमी होतो, दोन्ही मिळून तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. बाहेर २० अंश असेल तर आत शून्याखाली. हवेत ओलावा असेल तर तो थ्रॉटलच्या चकतीवर बर्फ होऊन बसतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. रॉबिन्सनच्याच सेफ्टी नोटिसमध्ये बाहेर ३० अंश असतानाही बर्फ धरू शकतो असं लिहिलेलं आहे.

म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा दमट, सुखद, पहाटेची हवा जास्त जपायची. खूप थंड हवेत मुळात ओलावाच कमी असतो.

मग बर्फच होता हे ठरवतात कसं?

आजूबाजूच्या गोष्टींवरून. सगळ्यात जवळच्या विमानतळाचा त्या वेळचा हवामान रिपोर्ट काढतात, तापमान आणि दवबिंदू यांच्यात किती अंतर आहे बघतात, आणि ते दोन आकडे कार्ब आयसिंगच्या आलेखावर ठेवतात. आलेखावर पट्टे असतात, कुठे क्रूझ पॉवरला म्हणजे नेहमीच्या सरळ उड्डाणातही धोका, कुठे फक्त कमी पॉवरला गंभीर धोका. बिंदू गंभीर पट्ट्यात पडला, इंजिनात दोष नाही, इंधन चांगलं आणि पुरेसं, कार्ब हीटचा नॉब आत ढकललेला, आणि पायलट सांगतोय की खाली येताना पॉवर गेली, एवढं जुळलं तर बर्फाचं नाव लिहितात. एक जरी कडी सैल असेल तर कारण निश्चित करता आलं नाही असं लिहितात, आणि प्रामाणिकपणे तेच लिहायला हवं.

इथे नॉब किती ओढलेला होता याला किती किंमत आहे बघा. पायलटला आठवत नसेल, फोटो नसेल, तर अख्ख्या तपासातला एक खांब गेला.

गव्हर्नर असतो ना, तो सांभाळत नाही का?

सांभाळतो, आणि त्यातच गोम आहे. हा भाग मी विद्यार्थ्यांना तीनतीनदा सांगतो. गव्हर्नर आरपीएम कायम ठेवायला थ्रॉटल स्वतः फिरवतो. बर्फ धरायला लागला, हवा कमी पडायला लागली, की गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल थोडं आणखी उघडतो. आरपीएम तेवढाच, मॅनिफोल्ड प्रेशर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाबही तेवढाच, पायलटला काहीच दिसत नाही. असं करत करत थ्रॉटल पूर्ण उघडतं, पुढे उघडायला जागा उरत नाही आणि मग एकदम आरपीएम पडायला लागतो. पायलट म्हणतो अचानक गेलं. अचानक नसतं गेलेलं, दहा मिनिटं जात होतं.

आर-२२ बीटा-२ चं इंजिन मुळात मोठं आहे पण ते मुद्दाम दाबून वापरतात, पाच मिनिटांसाठी १३१ हॉर्सपॉवर आणि सतत १२४. म्हणजे नेहमीच्या उड्डाणात थ्रॉटल अर्धवट मिटलेलंच असतं, बर्फाला बसायला चकती आडवी मिळते आणि गव्हर्नरला लपवायला भरपूर जागा मिळते. म्हणून आरपीएमकडे बघून बर्फ कळत नाही, त्यासाठी कार्ब टेंपरेचर गेज आहे, त्यावर उणे १५ ते अधिक ५ अंशांचा पिवळा पट्टा असतो, काटा त्याच्या बाहेर ठेवायचा. आणि मॅनिफोल्ड प्रेशर १८ इंचांच्या खाली गेलं की गेज काय म्हणतो ते बघायचंच नाही, सरळ पूर्ण कार्ब हीट ओढायची, कारण त्या स्थितीत गेज बरोबर सांगत नाही.

तुमच्याबरोबर असं कधी झालंय?

एकदा. शिकत असतानाच, फेब्रुवारीतली सकाळ, रात्रीचं धुकं नुकतंच उठलेलं, तापमान १९ आणि दवबिंदू १७. आम्ही ऑटोरोटेशनचा सराव करत होतो, म्हणजे थ्रॉटल कमी करून खाली यायचं आणि जमिनीजवळ परत पॉवर घेऊन थांबायचं. दोन झाले, छान झाले. तिसऱ्याला मी खाली येताना कार्ब हीट ओढायला विसरलो, आणि कलेक्टिव्ह खाली गेल्यावर थोडी हीट आपोआप लागते ना, त्या भरवशावर माझ्या इन्स्ट्रक्टरांनीही ते बघितलं नाही. पॉवर परत घ्यायला गेलो तर इंजिन खोकलं. दोनदा. हॉर्न वाजला. त्यांनी "आय हॅव कंट्रोल्स" म्हणत सरळ रनवेच्या गवतावर घसरवत उतरवलं, काही मोडलं नाही.

मेकॅनिकने अर्ध्या तासाने इंजिन चालवून बघितलं, दोन्ही मॅग्नेटो ठीक, आवाज ठीक, सगळं ठीक. माझ्या आठवणीत राहिलंय ते हे की त्याने आल्या आल्या टॉर्च मारून कार्बोरेटरला हात लावून बघितलं आणि मला म्हणाला, तूही लाव. बाहेरची धातूची बाजू अजून ओली होती, दव धरल्यासारखी, बाकी इंजिन गरम. एवढाच पुरावा होता आणि तोही पाच मिनिटांत वाळला.

ट्रेनिंगमध्येच हे जास्त का ऐकू येतं?

कारण ट्रेनिंगमध्ये आपण मुद्दाम तेच करतो जे इंजिनाला आवडत नाही. पुन्हा पुन्हा पॉवर अगदी कमी करायची, परत झटकन घ्यायची. थंड इंजिनावर हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, सुरू करायचं. विमान टेकऑफला थ्रॉटल पूर्ण उघडतं, हेलिकॉप्टर लागेल तेवढंच घेतं, त्यामुळे टेकऑफलाही बर्फाची भीती राहते.

दुसरं, न सांगता थ्रॉटल बंद करणं. काही इन्स्ट्रक्टरना वाटायचं की विद्यार्थ्याला बेसावध पकडलं तरच शिकेल. विद्यार्थी गोठतो, कलेक्टिव्ह खालीऐवजी वर ओढतो, चुकीचा पाय दाबतो, आणि कधी कधी खोटं फेल्युअर करता करता इंजिन खरंच बंद पडतं. रॉबिन्सनने यावर स्वतंत्र सेफ्टी नोटिस काढली आहे. मी शिकवताना आधी कार्ब हीट, मग तोंडाने "इंजिन फेल्युअर" असं स्पष्ट म्हणणं, आणि मगच थ्रॉटल, तेही पूर्ण बंद नाही. यात धाडस कमी आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

रोटरचा आरपीएम कमी झाल्याचे आणि तत्सम अपघात इतके झाले की १९९५ मध्ये एफएएने आर-२२ आणि आर-४४ साठी एसएफएआर ७३ नावाचा खास ट्रेनिंगचा नियम आणला.

विद्यार्थ्याच्या हातून इंजिन बंद पडू शकतं का?

पडू शकतं. आर-२२ मध्ये मिक्स्चरचा नॉब आणि कार्ब हीटचा नॉब दोन्ही ओढायचेच असतात. चुकून मिक्स्चर ओढलं तर इंजिनाचं पेट्रोल तुटतं आणि ते लगेच बंद पडतं. हे इतक्यांदा झालंय की कंपनीची पहिली सेफ्टी नोटिस याच विषयावर आहे, आणि मिक्स्चरच्या नॉबवर घालायला एक प्लास्टिकची नळी येते, इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत ती तिथेच राहिली पाहिजे. तपासात ती नळी कुठे सापडली हे लिहून घेतात, नॉबवर, खिशात, की सीटखाली.

पॉवर गेली असं पायलट सांगतो पण गेलेली नसते, असंही होतं का?

पुष्कळदा. आणि यात पायलट खोटं बोलतो असं अजिबात नाही, त्याला तसंच जाणवलेलं असतं. गरम दुपार, दोन दणकट माणसं, टाक्या भरलेल्या, उंचावरची जागा, हॉवर करायला गेलो आणि कलेक्टिव्ह ओढत राहिलो, इंजिन देऊ शकतं त्याच्यापेक्षा जास्त मागितलं, आरपीएम पडला, हॉर्न वाजला, खाली बसलो. इंजिन पूर्ण ताकदीने चाललेलं असतं. याला ओव्हरपिचिंग म्हणतात. किंवा सरळ खाली उतरताना स्वतःच्याच रोटरने ढकललेल्या हवेत अडकणं. म्हणून तपासात वजनाचा हिशोब, तापमान, उंची सगळं मांडून बघतात, मॅन्युअलमधल्या हॉवरच्या आलेखाप्रमाणे हे जमायला हवं होतं का. नसेल जमणार, तर इंजिन उघडायच्या आधीच उत्तराची दिशा दिसते.

कार्बोरेटरच नसेल तर प्रश्न मिटला का?

बर्फाचा तो प्रकार मिटला. आर-४४ रेव्हन-२ किंवा श्वाइझर ३०० सी मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, आर-६६ मध्ये टर्बाइन, चीता-चेतकमध्ये आर्टूस्ट टर्बाइन. पण इंधन संपणं, पाणी येणं, फिल्टर तुंबणं, हे कुणालाच चुकलेलं नाही.

झडप अडकणं हे काय प्रकरण आहे?

लायकमिंगच्या लोकांत याला "मॉर्निंग सिकनेस" म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये कार्बन साठतो, थंड इंजिन सुरू केलं की झडप अडकते, इंजिन मिनिटभर लंगडतं, तापलं की ठीक होतं. लोक म्हणतात तापल्यावर जातं ना, मग चालतंय. नाही चालत, ते पुढच्या मोठ्या दुखण्याचं पहिलं लक्षण असू शकतं. तपासात मेंटेनन्सच्या वहीत मागच्या काही महिन्यांत "सकाळी रफ" असं कुणी लिहिलंय का हे मुद्दाम शोधतात. मॅग्नेटोची ५०० तासांची तपासणी झाली होती का हेही तिथेच कळतं.

ब्लॅक बॉक्स नसतो, मग फोनचा उपयोग होतो का?

खूप होतो. जीपीएसचा माग तर मिळतोच, पण आवाज त्याहून बोलका असतो. कुणी गोप्रो लावलेला असेल किंवा मागे फोनवर शूटिंग चालू असेल तर आवाजाचं विश्लेषण करतात. हिशोब साधा आहे : १०४ टक्क्यांना आर-२२ चं इंजिन मिनिटाला २६५२ फेरे घेतं, चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन म्हणजे फेऱ्याला दोन स्फोट, सेकंदाला साधारण ८८. रेकॉर्डिंगमध्ये ८८ हर्ट्झची रेघ सरळ चालली आणि मग खाली वळली तर नेमक्या कुठल्या सेकंदाला इंजिन मंदावलं ते दिसतं. रोटरची रेघ वेगळी दिसते. दोन्ही एकत्र खाली आल्या तर इंजिन रोटरला जोडलेलं होतं पण भार जास्त झाला, आणि इंजिनाची एकटी तुटून खाली आली तर इंजिनच गेलं.

रिपोर्टमध्ये दोषी कोण ते लिहितात का?

लिहित नाहीत. ॲनेक्स १३ मध्ये स्पष्ट आहे की तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नाही. एनटीएसबी "संभाव्य कारण" लिहिते, आणि तो बोर्डाचा निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायला अमेरिकन कायद्यात मनाई आहे. मला हे फार योग्य वाटतं. इन्स्ट्रक्टरला वाटलं की "मी कार्ब हीट बघितली नाही" असं म्हटलं तर उद्या तेच वाक्य कोर्टात फेकून मारतील, तर तो कधीच म्हणणार नाही, आणि मग दुसऱ्या शाळेतला दुसरा इन्स्ट्रक्टर तीच चूक करेल.

किती दिवस लागतात?

प्राथमिक रिपोर्टला ३० दिवस, अंतिम रिपोर्ट शक्यतो १२ महिन्यांत यावा असं आंतरराष्ट्रीय मापदंड सांगतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा जास्त लागतात.

पॉवर गेली पण सुखरूप उतरलो, तरी तपास होतो का?

बहुतेक वेळा नाही, आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एनटीएसबीच्या नियमात अपघात म्हणजे गंभीर इजा, मृत्यू किंवा मोठं नुकसान, आणि एकच इंजिन बंद पडून नुकसान तेवढ्यापुरतंच राहिलं तर ते मोठं नुकसान धरत नाहीत. म्हणजे माझी ती फेब्रुवारीतली सकाळ कुठल्याही सरकारी आकड्यात नाही. अशा किती सकाळी असतील.

म्हणून असं काही झालं तर इंजिन लगेच परत सुरू करून बघू नका. कुठल्याही नॉबला हात लावायच्या आधी पॅनेलचा फोटो काढा, कार्ब टेंपरेचर, कार्ब हीट, मिक्स्चर, फ्युएल सगळं दिसेल असा. बंद करताना काही हलवावं लागलंच तर काय हलवलं ते लिहा. त्या वेळचा हवामान रिपोर्ट सेव्ह करून ठेवा. इंधनाचा नमुना बरणीत काढा. आणि विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर, दोघांनी एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळं लिहा, कारण बोलल्यावर दोन आठवणींची एक होते आणि ती बहुधा मोठ्या माणसाची असते. अमेरिकेत असाल तर नासाच्या एएसआरएस या घटना कळवायच्या योजनेकडे दहा दिवसांच्या आत रिपोर्ट पाठवा, ती सोय १९७६ पासून आहे, तुमचं नाव काढून टाकलं जातं. माझ्या त्या सकाळचा रिपोर्ट मी आणि माझ्या इन्स्ट्रक्टरांनी असाच पाठवला होता.

मुलीला हेलिकॉप्टर शिकायला पाठवायचंय, शाळेत काय विचारू?

फी आणि तासांबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही हे विचारा : दमट सकाळी तुम्ही वॉर्म-अपपासून कार्ब हीट कशी वापरता? इंजिन फेल्युअरचा सराव घेताना आधी सांगता का? मागच्या वर्षात कुठलं इंजिन रफ चाललं असं वहीत आलं आणि त्याचं पुढे काय केलं? रागावले तर दुसरी शाळा बघा. चांगला इन्स्ट्रक्टर असेल तर तो तुम्हाला आणि मुलीला हँगरमध्ये नेईल, कॉकपिटचं दार उघडेल आणि ती मिक्स्चरवरची प्लास्टिकची नळी काढून तिच्या हातात देईल.